आडव्या चौकटीत उभा माड

फार जुनी गोष्ट. म्हणजे वेबसाइटींच्या मानाने जुनी, दोनेक वर्षांपूर्वीची. शकूताई खोतांच्या नारळांच्या वेबसाइटवर सगळ्यात वर फोटो-व्हिडिओ दाखवणारी एक ऐसपैस आडवी चौकट राहायची. स्वतःच्या रुंदीचा तिला कोण तोरा!

एकदा तिच्याकडे उभा व्हिडिओ आला. त्यात शकूताईंचा गडी बाबल माडावर चढून नारळ पाडत होता.

"माझ्याकडे आडवंच राहावं लागतं," म्हणत चौकटीने त्याला ताणलं. माड पिंपासारखा फुगला. मग तिने व्हिडिओ वरून-खालून कापला. नारळ गेले, जमीन गेली. उरली फक्त बाबलची हलणारी लुंगी.

दुपारी एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "ताई, लुंग्या कशा दिल्या?"

शकूताईंनी कपाळावर हात मारला. "ही चौकटच काढून टाकते उद्या!"

चौकटीची पाचावर धारण बसली.

"चौकटबाई, मला एका कडेला उभाच राहू द्या," व्हिडिओ म्हणाला. "उरलेल्या जागेत नारळ कसे मागवायचे ते लिहा. मोबाइलच्या उभ्या पडद्यावर मात्र सगळी जागा मला द्या."

चौकटीने मुकाट्याने अंग चोरलं. माड शेंड्यापर्यंत दिसला. संध्याकाळपासून नारळांची मागणी सुरू झाली.

चौकट स्वतःशीच हसली, "एवढी रुंद मी, आणि जगाला दाखवलं काय, तर लुंगी!"