मुक्या तोंडांचा चौथरा

आधी उठा. ज्या दगडावर पाय पसरून तुम्ही बिस्किटे खाताय, तो कातळवेढ्याचा चौथरा आहे. बसायला खाली पार आहे, तिथे सावलीही आहे. आता उठलाच आहात तर नीट बघून घ्या. कमरेइतका उंच, चौकोनी, मध्ये झेंड्याच्या काठीसाठी पाडलेले भोक. याला गावात मुक्या तोंडांचा चौथरा म्हणतात. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला इथे ध्वनिक्षेपक लावत नाहीत, पेटी-तबला आणत नाहीत. झेंडा वर गेला की प्रमुख पाहुण्याने इथे उभे राहून राष्ट्रगीताची पहिली ओळ एकट्याने म्हणायची, हातात कागद न घेता. त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला की मग सगळे गाव त्याच्या आवाजात आवाज मिसळते. नाही पोचला तर गाव सावधान उभे राहते आणि वाट बघते.

मला विसूतात्या म्हणतात. चाळीस वर्षे इथल्या शाळेत शिपाई होतो आणि झेंड्याची दोरी मीच बांधायचो. तालुक्याच्या गावीही मला दोरी बांधायला बोलवत, कारण माझी गाठ अडकत नाही. तिथे काय चालते ते मी अगदी जवळून बघितले आहे. कर्ण्यातून रेकॉर्ड वाजते आणि व्यासपीठावरची थोर मंडळी तिच्या मागे दोन शब्द राहून ओठ हलवतात. डोळे फोटोवाल्याकडे. शेवटच्या जयघोषाला मात्र सगळ्यांना एकदम कंठ फुटतो. वर भाषणात हेच लोक तरुणांना देशप्रेम शिकवणार. असल्या माणसांची मला किळस येते, आणि ती मी लपवत नाही. आमच्या गावाला ती माझ्याही आधीपासून येते. कशी, ते सांगतो.

असे सांगतात की गोऱ्या साहेबाच्या अमलात कातळवेढे हे एक संस्थान होते. संस्थान म्हणजे सतरा गावे, दोन ओढे आणि ही पलीकडे पडलेली दिसते ती गढी. राजाने सकाळी घोड्यावर बसून राज्य बघायला निघावे आणि न्याहारीला घरी परत यावे, एवढाच पसारा. श्रीमंत रायाजीराव हे इथले शेवटून दुसरे राजे. ते एकदा मोठ्या दरबाराला गेले होते. तिथे त्यांची खुर्ची सतराव्या रांगेत, खांबामागे होती म्हणे. पण त्यांनी एक गोष्ट बघितली. बँडवाल्यांनी गोऱ्यांच्या राजाचे गीत वाजवले आणि सगळे, अगदी मोठमोठे महाराजसुद्धा, ताडकन उभे राहिले. गोरे तर मोठ्याने म्हणूही लागले. रायाजीरावांच्या डोक्यात ते जे शिरले ते निघाले नाही.

परत आल्यावर त्यांनी दरबारच्या शास्त्रीबुवांना बसवून संस्थानगीत करून घेतले. बावीस कडवी. त्यात रायाजीरावांना सूर्य म्हटले होते, सिंह म्हटले होते आणि समुद्रही म्हटले होते. माणूस पाच फूट एक इंच. भाषा अशी, की खुद्द शास्त्रीबुवा सोडून कुणाला तिचा एक शब्द कळू नये. मग हुकूम निघाला. दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी नगारा होईल. सनई-चौघडा सुरू होईल. श्रीमंत चौथऱ्यावर उभे राहतील. आणि समोरच्या बाजाराच्या माळावर असेल त्या प्रत्येक माणसाने हातातले काम टाकून बावीसही कडवी म्हणायची.

लोक म्हणतात की नाही हे बघायला कारभारी त्रिंबकपंतांनी आठ माणसे नेमली. त्यांना मुखपाहणीदार म्हणत. हे पागोटे बांधून, हातात वेताची छडी घेऊन गर्दीतून फिरायचे आणि ज्याचे तोंड मिटलेले दिसेल त्याचे नाव यादीत लिहून घ्यायचे. संध्याकाळी पाच फटके. या आठांतले एक माझे खापरपणजोबा. हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो, कारण न सांगणे म्हणजे पुन्हा तोंड मिटून घेण्यासारखेच झाले.

पण त्रिंबकपंतांनी शहाणपणा केला तो असा: तोंडे बघायला माणसे नेमली, ऐकायला एकही नेमला नाही. चौघडा एवढा कडकडायचा की शेजारच्याचे बोलणे ऐकू यायचे नाही. लोकांना हे कळायला दोन सोमवार लागले. तिसऱ्या सोमवारपासून गवळी, साळी, कुंभार, सगळे नुसती तोंडे हलवू लागले. प्रत्येकाला वाटायचे, आपण एकटेच फसवतोय, बाकीचे म्हणत असतील. दुसऱ्या वर्षी शास्त्रीबुवा वारले आणि गीत खरोखर येणारा एकमेव माणूस गेला. ते कुणाच्या लक्षातही आले नाही. नऊ वर्षे दर सोमवारी दोन-अडीच हजार तोंडे उघडत आणि मिटत राहिली, आणि रायाजीराव छाती काढून, डोळे मिटून ते प्रजेचे प्रेम अंगावर घेत राहिले.

या नऊ वर्षांत एकच माणूस खरे बोलला. राघू कुंभार. आठव्या वर्षी एका सोमवारी मुखपाहणीदाराने त्याला हटकले, तेव्हा तो थेट त्रिंबकपंतांकडे गेला आणि म्हणाला, "पंत, तिसऱ्या कडव्यात त्यो एक लांबलचक शब्द हाय, त्याचा अर्थ काय? अर्थ सांगा, मंग म्हंतो."

पंतांना अर्थ येत नव्हता. येत असता तर राघूचे पाच फटक्यांवर भागले असते. येत नव्हता म्हणून त्याला गढीच्या कोठडीत टाकले, आणि बावीस कडवी पाठ होतील तेव्हा सोडू असे सांगितले. पाठ करून घेणार कोण, हे कुणी विचारले नाही.

राघूची बायको येसा तेव्हा पोटुशी होती. ती त्याच दिवशी कातळाईच्या देवळात गेली आणि नवस बोलली. तो जुना नवस आहे, आमच्याकडे बाया अजून बोलतात. "आई, माझा धनी घरी येईस्तवर मी तोंड उघडीन ती घासासाठी आणि पाण्यासाठी. बोलीन ती तो आल्यावर." देवळातून बाहेर आली ती मुकी होऊन. पुढे तिला मुलगी झाली. बाळंतपणाच्या कळांतही तिने आवाज काढला नाही, असे सुईणीने सगळ्यांना सांगितले. बाराव्या दिवशी पाळणा टांगला नाही, कारण पाळणा म्हणणार कशी, आणि बाप नसताना नाव ठेवणार कसे? मुलगी सात महिन्यांची झाली, रांगू लागली, तरी तिला नाव नव्हते. तिने आईचा आवाज कधी ऐकला नव्हता. मला या साऱ्या गोष्टीत वाईट वाटते ते इथेच. राजे येतात आणि जातात, त्यांची कोण पर्वा करतो, पण आई जवळ असून अंगाई न ऐकलेले ते मूल डोळ्यांपुढून हलत नाही.

सोमवारी येसा बाजारात येई आणि तोंड घट्ट मिटून उभी राही. मुखपाहणीदार तिचे नाव लिहीत. लेकुरवाळी म्हणून फटके मारत नसत, तेवढी लाज शिल्लक होती.

मग नवव्या साली गोरा एजंट, म्हणजे संस्थानांवर नजर ठेवणारा सरकारी साहेब, कातळवेढे बघायला येणार असे कळले. रायाजीरावांना अंगात बारा हत्तींचे बळ आले. सतरा गावांना दवंडी गेली. माळावर मांडव पडला, साहेबासाठी खुर्ची आली. पंतांनी पहारेकऱ्यांना बजावले, की त्या मुक्या कुंभारणीला माळावर फिरकू देऊ नका. पण ती मडकी विकायला येतात त्या वाटेने आली आणि मूल कडेवर घेऊन अगदी चौथऱ्यापाशी उभी राहिली. साहेबाच्या पायावर मूल घालायचे, एवढेच तिच्या मनात असावे.

नगारा झाला. चौघडा सुरू झाला. अडीच हजार तोंडे उघडली. रायाजीरावांनी डोळे मिटले. साहेबाला हा कडकडाट सोसवेना. त्याने दुभाष्याला काहीतरी सांगितले आणि दुभाष्या ओरडला, "वाद्ये थांबवा! साहेबांना रयतेचे गाणे ऐकायचे आहे!"

वाद्ये थांबली.

सांगतात, की त्या क्षणी माळावर गवत हलल्याचा आवाज आला. अडीच हजार माणसे समोर उभी, प्रत्येकाचे तोंड उघडतेय आणि मिटतेय, आणि आवाज म्हणून नाही. तळ्यातून काढून ठेवलेले मासे जसे तोंड करतात, तसे. रायाजीरावांनी डोळे उघडले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी गाण्याच्या वेळी प्रजेकडे बघितले. "म्हणा!" ते ओरडले. तोंडे जास्त जोरात हलू लागली. त्यांनी पंतांकडे बघितले, तर पंतांचेही ओठ हलत होते. त्यांनी आठ मुखपाहणीदारांकडे बघितले. त्यांना तर कधी म्हणावेच लागले नव्हते. साहेबाने दुभाष्याकरवी विचारले, "मग महाराजांनीच का म्हणू नये?"  स्वतःच्या स्तुतीचे गाणे रायाजीरावांनी नेहमी ऐकले होते, म्हटले कधीच नव्हते. त्यांना पहिला शब्दसुद्धा येत नव्हता.

तेवढ्यात त्यांना खाली एकच मिटलेले तोंड दिसले. ज्यांची तोंडे हलतात त्यांना गीत येत नाही हे तर दिसतच होते. मग जिचे मिटलेले आहे तिला येत असणार, असे त्या शहाण्याने ठरवले. हसू नका, राज्ये अशीच चालत असतात. श्रीमंत चौथऱ्यावरून खाली उतरले आणि भर बाजारात कुंभारणीपुढे हात जोडून म्हणाले, "बाई, तू म्हण. माझी अब्रू राख."

 येसाने मोकळा हात वर केला आणि गढीच्या दाराकडे बोट दाखवले.

ते बोट कशासाठी आहे हे कळले नाही असा माणूस माळावर नव्हता. पंत पुटपुटले, "सरकार, नवस आहे तिचा. नवरा आल्याखेरीज ती तोंड उघडायची नाही." रायाजीरावांनी हाताने खूण केली. कोठडी उघडली. राघूला दोन शिपायांनी धरून आणले, कारण वर्षभरात पायांतले बळ गेले होते. तो येसापुढे येऊन उभा राहिला. त्याने मुलीकडे बघितले आणि विचारले, "हिचं नाव काय ठिवलं?"

येसाने नाही म्हणून मान हलवली. मग तिथेच चौथऱ्याच्या कडेला टेकली, मुलीला मांडीवर आडवी घेतली आणि पाळणा म्हणायला लागली. आमच्या गावचा पाळणा, बारशाला म्हणतात तो.

"हा तुझा डोंगर, हे तुझं रान,
तुझ्या गं वाटंवर पिंपळाचं पान, जो जो गं जो…"

वर्षभर न वापरलेला आवाज. फाटका, खरखरीत, पहिल्या ओळीत दोनदा अडकलेला. मूल चुळबुळायचे थांबून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. बारशाला पाळणा सुरू झाला की जमलेल्यांनी मागून म्हणायचा असतो, त्याला हुकूम लागत नाही. आधी बाया म्हणू लागल्या, मग म्हातारे, मग सगळा माळ. आवाज न काढण्याची नऊ वर्षांची सवय एका ओळीत मोडली. काही जण सांगतात, की तेव्हा चौघडा आपोआप घुमू लागला. मी तसे सांगत नाही. अडीच हजार माणसे एकदम गायला लागली की जवळच्या चौघड्याचे कातडे थरथरणारच.

साहेबाला वाटले, हेच ते संस्थानगीत. तो टोपी काढून उभा राहिला. साहेब उभा म्हणून रायाजीराव उभे. त्यांना हा पाळणाही येत नव्हता. त्यांचे बारसे कुठल्या भाषेत झाले होते, देव जाणे. पण साहेब बघत होता. तेव्हा सूर्य, सिंह आणि समुद्र असलेले श्रीमंत रायाजीराव कुंभाराच्या मुलीच्या पाळण्याला नुसते ओठ हलवू लागले.

माझे खापरपणजोबा छडी घेऊन समोरच उभे होते. नोकरीच तोंडे बघायची. त्या संध्याकाळी त्यांनी यादी दिली. तिच्यात एकच नाव होते: "श्रीमंत रायाजीराव. ओठ हलले, आवाज नाही." खाली छडी आणि पागोटे ठेवले आणि घरी गेले. मुलीचे नाव तुळसा ठेवले गेले.

पुढच्या सोमवारी नगारा झाला. कुणी तोंडसुद्धा हलवले नाही. राघू काठी टेकत पुढे आला आणि म्हणाला, "आधी सरकारांनी म्हणावं. त्यांचा आवाज आला, की आमी म्हंतो." रायाजीराव त्या सोमवारी गढीबाहेर आले नाहीत, आणि पुढेही कधी चौथऱ्यावर चढले नाहीत. बावीस कडव्यांतला एकही शब्द आज कुणाला ठाऊक नाही. देश स्वतंत्र झाला, संस्थान गेले, चौथऱ्यावर झेंडा आला. हे गीत आमचे आहे, ते आम्ही आनंदाने म्हणू, असे गावाने ठरवले. फक्त राघूची अट तशीच ठेवली.

आजही पंधरा ऑगस्ट जवळ आला की आमच्या प्रमुख पाहुण्यांना ताप भरतो, घरी लग्ने निघतात. गेल्या वर्षी एक मात्र आले. मोठे नाव, मागे चार गाड्या. झेंडा वर गेला. पहिली ओळ निम्म्यात अडकली. त्यांनी सचिवाकडे बघितले, सचिव मोबाइल चाचपू लागला. गाव सावधान उभे. नऊ मिनिटे झाली, मी घड्याळ लावून सांगतो. शेवटी कुंभारवाड्यातल्या सोनाबाईंनी सुरुवात केली. दात नाहीत, सूर तर तरुणपणीही नव्हता. त्यांच्या मागून सगळ्या गावाने खणखणीत राष्ट्रगीत म्हटले. पाहुण्यांचेही ओठ हलत होते.

खाली उतरल्यावर रुमालाने मान पुसत त्यांनी मला विचारले, "काय हो, फोटो बरा आला असेल ना?"

मी म्हणालो, "झकास आला असंल साहेब. फोटोत आवाज कुठं येतोय?"