सात गाद्यांवरचा पाय

फार जुन्या काळी, एका डोंगरी राज्यात घडलेली ही गोष्ट. वेळ सूर्योदयानंतर दोन घटकांची, जागा पागेपुढचे अंगण. घोडा बुजला, तरुण राणी पडली आणि तिची नडगी मोडली.

दसऱ्याला तीन महिने होते. जो स्वतःच्या पायांनी सीमोल्लंघन करील त्याचीच गादी, असा तिथला नियम. पालखीतून सीमा ओलांडलेली चालत नसे.

म्हातारी हाडवैदीण आली. तिने हाड बसवले, बांबूच्या कांबी बांधल्या. "महिनाभर हलायचं नाही. मग रोज थोडा थोडा भार द्यायचा," असे बजावून ती गेली.

महिना सरला. राणीने पाय खाली सोडला, तोच कारभारी धावले. "राजघराण्यातला मोडका पाय भुईला लावत नाहीत, राणीसाहेब. रीत आहे." पायाखाली सात गाद्या आल्या. हाडवैदिणीला देवडीवरच अडवू लागले.

आणखी महिना गेला. पोटरी सुकली. राणीला आपलाच पाय परका वाटू लागला. शेवटी ती म्हणाली, "त्या बाईला वर पाठवा, नाहीतर मी रांगत खाली येते."

म्हातारीने नडगी चाचपली. "कच्चं आहे अजून. राणीसाहेब, हाडाच्या मगजात कोरे मजूर राहतात. त्यांनी कुठलाच धंदा धरलेला नसतो. हाड मोडलं की तिथून रस पाझरतो, तो त्यांना हाक मारतो. ते येतात आणि अंदाज घेतात. ताण लागला, भार लागला, तर हाड होतात. सगळं मऊच लागलं, तर चरबी होऊन बसतात."

"मग सात गाद्यांवर त्यांचं काय होणार?"

"कारभारी होणार."

राणी खूप दिवसांनी हसली. गाद्या खिडकीतून खाली गेल्या. ती फरशीवर उभी राहिली. पहिल्या दिवशी पाच श्वास, दुसऱ्या दिवशी सहा. कळ डोक्यात जाई, पण तिने कोणाचा हात धरला नाही.

दसऱ्याला ती लंगडत, काठी टेकत, ताठ मानेने सीमेपलीकडे गेली. गादीच्या आशेने नवा मंदील बांधून आलेला तिचा चुलतभाऊ तसाच घरी परतला.

मग राणीने जुने दप्तर काढायला लावले. तिचे आजोबा मोडक्या पायाने चालत दरबारात येत, अशी नोंद निघाली. पाय भुईला न लावण्याची रीत कुठेच नव्हती.

ज्याला उभे राहायचे आहे, त्याला भारच उचलू न देणे ही माया नव्हे, घात आहे.

ती रीत कोणी काढली, हे त्या दरबारात अजून कोणीही सांगितलेले नाही.