पट्टे दिसले की सोडायचं

एका गावात एक भोळा घरजावई होता. भोळा हा गावाचा शब्द. मूर्ख म्हणायचं गावाच्या जिवावर आलं होतं, इतकंच. नाव मात्र हैबती.

त्याचा सासरा सटवाजी हा सरदार निंबरावांची राणी सांभाळायचा. राणी म्हणजे स्याहगोश, कुत्र्याएवढं शिकारी मांजर, लहानपणापासून पाळून शिकवलेलं. कबुतरांचा थवा उठला की ती जागच्या जागी उसळायची आणि पंजाच्या फटक्यानं हवेतली कबुतरं खाली पाडायची. सरदारांना तिचा भारी अभिमान. तिला जवळून पाहायची मात्र त्यांची कधी छाती झाली नाही. ते सज्जातून पाहायचे. तबेल्याशेजारचं घर सटवाजीला याच कामावर मिळालं होतं. राणी आहे तोवर घर.

दसऱ्याला शेजारचे सरदार रायाजीराव आपलं मांजर घेऊन पैजेला येणार होते. ऐन वेळी सटवाजी जिन्यावरून पडला आणि पाय मोडून बाजेवर आला. काम जावयाच्या गळ्यात पडलं. सटवाजीनं पडल्या पडल्या बजावलं की राणीचं ऊन खाऊन झालं की आधी दोरी सोडून खुंटीला अडकवायची, मग पिंजऱ्याचं दार लावायचं.

हैबतीनं दोरी सोडली. खुंटीला अडकवली. दार लावलं. राणी बाहेरच होती. तिचं काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. ती उसात निघून गेली.

"राणी कुठंय?" सटवाजीनं विचारलं.

"उसात. दार मात्र नीट लावलंय."

सटवाजीनं कपाळाला हात लावला. हैबतीची बायको हौसा रडायलाच लागली. राणी नाही तर घर नाही, मोडक्या पायाच्या बापाला घेऊन जायचं कुठं? पण रडून मांजर येत नाही. सटवाजीनं जावयाला जवळ बोलावलं आणि खूण सांगितली. कानांच्या टोकांवर लांब काळ्या केसांचे झुपके. ते दिसले की दोरी टाकायची आणि घरी आणायचं.

हैबती उसात गेला. उसात सरदारांचे दप्तरदार त्रिंबकराव तांब्या घेऊन बसले होते. त्यांच्या कानांवर केसांचे हे लांब झुपके, आणि म्हातारपण झाकायला कलप लावून काळेभोर केलेले. हैबतीनं दोरी टाकली आणि त्यांना घरी आणलं. तांब्या उसातच राहिला.

सटवाजीनं बाजेवरूनच दप्तरदारांना हात जोडले. मग जावयाला म्हणाला, "अवं जावईबापू, माणूस न्हवं. चार पायांचं. इटकरी रंगाचं. अंगावर ना ठिपका, ना पट्टा."

"असं आधी सांगायचं," हैबती म्हणाला, आणि गेला. सुताराच्या अंगणात एक नवी बाज वाळत घातली होती. चार पाय. विटकरी रंग. ना ठिपका, ना पट्टा. त्यानं ती डोक्यावर घेतली आणि घरी आणली. रंग ओला होता, तो त्याच्या डोक्यालाही लागला.

"तिला कान तरी हायती का?" हौसानं विचारलं.

"कानांचं मागच्या खेपेला होतं. या खेपेला पायांचं होतं."

आता हौसानं पदर खोचला. तिनं सगळं एका दमात सांगितलं. चार पाय हवेत, विटकरी रंग हवा, कानांवर झुपकेही हवेत, आणि मुख्य म्हणजे जीव हवा. शिवाय उसात रानमांजरं चिक्कार होती. रंगानं जवळपास तशीच, जरा लहान, कानाच्या टोकाला त्यांनाही इवलेसे केस. लांबून भल्याभल्यांची फसगत व्हायची. हैबतीची जवळूनही झाली असती. म्हणून तिनं शेवटची खूण घोकून घेतली. रानमांजराच्या पायांवर काळे पट्टे असतात, शेपटीवर काळी वळी असतात. राणीला दोन्ही नाही. पट्टे दिसले की सोडायचं.

"पट्टे दिसले की सोडायचं," असं म्हणत हैबती निघाला. वेशीपाशी रायाजीरावांचे घोडे बांधलेले होते. ते मालकाच्या आधीच येऊन पोचले होते. घोड्यांच्या पायांना काळ्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. हैबतीनं एकेक घोडा सोडला. घोडे चौखूर उधळले. रायाजीरावांच्या माणसांनी त्याला आधी बडवलं आणि मग सटवाजीच्या दारात आणून टाकलं.

सटवाजीचा आवाजच बसला होता. "दुसऱ्यानं बांधलेलं कधी सोडायचं न्हाई," तो कसाबसा म्हणाला. "आपण धरलेलंच सोडायचं."

हैबतीला हे पटलं. त्याला सगळंच पटायचं, तीच तर खोड. निघताना हौसानं त्याच्या हातात काळ्या दोऱ्याची जाडजूड गुंडी दिली. राणीला कुणाची तरी दृष्ट लागली, त्याशिवाय ती जायची नाही, असं तिचं म्हणणं. नवऱ्याला दोष देण्यापेक्षा ते बरं. राणी सापडली की पहिल्यांदा चारी पायांना आणि शेपटीला दोरा बांधायचा.

राणी सापडली. सापडली कसली, तीच आली. उसाच्या बांधावर हैबती दिसला तशी ती येऊन त्याच्या पायाला अंग घासू लागली. हैबतीनं खुणा पाहिल्या. कान बरोबर, पाय बरोबर, रंग बरोबर, जीवही होता. मग त्यानं दोरा काढला. दृष्ट मोठी असेल म्हणून एकेका पायाला वेढ्यावर वेढे दिले, उरलेला शेपटीला गुंडाळून गुंडी संपवली. उठून मागे सरला आणि पुन्हा पाहिलं. पायांवर काळे पट्टे. शेपटीवर काळी वळी.

"रानमांजर," हैबती म्हणाला. आपणच धरलेलं होतं, तेव्हा सोडायलाही हरकत नव्हती. राणी जाईना. त्यानं ढेकळं मारून तिला हाकललं.

पुढं त्याला खरंखुरं रानमांजर भेटलं. ते फिसकारलं, बोचकारलं, त्याच्या दोन्ही हातांची चाळण केली. पण त्याच्याही पायांवर पट्टे, शेपटीवर वळी. आता ह्याला काय म्हणावं? हैबतीनं विचार केला, आणि तिथंच चुकलं. हिला कुणीतरी आधीच दोरे बांधलेत, म्हणजे ही घरची. त्यानं ते पोत्यात घातलं आणि घरी न जाता थेट मैदान गाठलं, कारण पैजेची वेळ झाली होती.

दोन्ही सरदार गाद्यांवर बसलेले. रायाजीरावांच्या मांजरानं एक कबूतर पाडलं. निंबरावांनी मिशीवरून हात फिरवून इशारा केला. हैबतीनं पोतं उघडलं. रानमांजर रायाजीरावांच्या पागोट्यावरून उडी घेऊन उसात पसार झालं. लोक हसले. निंबरावांचं तोंड काळं ठिक्कर पडलं.

एवढ्यात दुसरा थवा उठला, आणि मैदानाच्या कडेनं राणी आली. दोरे बांधलेली, चिखलानं माखलेली, पण राणीच. ती उसळली. एका फटक्यात दोन कबुतरं खाली आली. सगळं मैदान उभं राहिलं. निंबरावांनी छाती फुगवून विचारलं, "बघितलंत आमचं मांजर?"

इथं कुणीही गप्प बसला असता. दगडसुद्धा गप्प बसला असता.

"सरकार, हे आपलं न्हाई," हैबती हात जोडून म्हणाला. "हे रानमांजर. मी सकाळीच धरून सोडलंय. आपलं ते मघाशी पळालं."

"म्हणजे हे कुणाचंच नाही," रायाजीराव म्हणाले. "मग ज्यानं धरलं त्याचं." त्यांच्या माणसानं राणीच्या गळ्यात दोरी टाकून दुसरं टोक त्यांच्या गाडीला बांधलंसुद्धा.

हैबती गाडीपाशी गेला. "दोरे तेवढे आमचे हायती," असं म्हणून त्यानं राणीच्या पायांचे आणि शेपटीचे सगळे वेढे काढले, नीट गुंडाळून खिशात घातले. मग त्यानं पाहिलं. विटकरी अंग. ना ठिपका, ना पट्टा.

"सरकार, ही तर राणी," हैबती आनंदानं म्हणाला.

निंबराव गादीवरून उठलेच. रायाजीरावांचे गाडीवान बैल जुंपत होते. "मग बघतोस काय, सोड तिला," निंबराव कडाडले. "ती गेली तर तुझ्या सासऱ्याचं घर गेलं म्हणून समज."

हैबतीनं दोरीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि शहाण्यासारखे दोन्ही हात मागे बांधले.

"मी न्हाई सोडणार, सरकार," तो म्हणाला. "दुसऱ्यानं बांधलंय."