थांबायची जागा

"बुवा, तिथे थांबल्यावर तुम्ही मनात किती मोजायचात?"

भिकाजी बुवांचा सुपारी सोलणारा हात काही थांबला नाही.

"खंय थांबल्यार?"

"गजर टिपेला पोचला की तुम्ही पेटीवरचा हात उचलायचात. पखवाज बंद, झांजा बंद, सगळंच बंद. आणि मग... परत सुरू करायचात. त्या मधल्या वेळात किती मोजायचात?"

"मोजूचा?" बुवा म्हणाले. "मी काय वाणी आसंय, मापून देवक?"

केतकी हसली नाही. रात्रभर पुण्याच्या बसमध्ये अंग आंबवून, कुडाळहून रिक्षाने धक्के खात वाडीत पोचलेल्या माणसाला चेष्टा जरा उशिरानेच कळते.

आत स्वयंपाकघरात बुवांच्या पत्नी भामाकाकी आडाळ्यावर बसल्या होत्या. आडाळो म्हणजे नारळ खवायची विळी. पोरगी जेवूनच जाणार, तर सोलकढी हवी, असं त्यांनी न विचारताच ठरवून टाकलं होतं.

खर्र... खर्र... आवाज पडवीपर्यंत येत होता.

केतकी राऊळ ह्याच वाडीतली. लहानपणी ह्याच पडवीत बुवांच्या पेटीसमोर मांडी घालून बसलेली. भजनाच्या मंडळात चेडू, म्हणजे पोरगी, कशाला, असं गाव म्हणालं. बुवांनी ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्या कानाने सोडून दिलं.

बुवा डबलबारीतले नामांकित. डबलबारी म्हणजे दोन बुवांचा सामना. दोन मंडळं समोरासमोर बसतात, एकाने गायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच त्याला उत्तर द्यायचं. समोरचा बुवा ताना मारून मारून घामाघूम व्हायचा, आणि भिकाजी बुवा ऐन रंगात हात उचलून नुसते थांबायचे. मांडव श्वास धरून बसायचा. सामना बहुधा तिथेच संपायचा.

केतकीने ती जागा लहानपणीच उचलली. पुढे ती पुण्याला गेली, पेटी सुटली, गिटार आली. गाणी तिची तीच लिहिते. पाठीशी ना कंपनी, ना सिनेमा. स्वतः चाल लावायची, स्वतः गायचं, पोस्टरही स्वतःच चिकटवायचं. तिच्यासारखी आणखी दहाबारा मुलं आहेत. एकाची तार तुटली की दुसरा देतो, आणि एकाचा कार्यक्रम असला की बाकीचे जाऊन पुढच्या खुर्च्या भरतात. तेवढंच ते जग, पण जिवाभावाचं.

त्या जगात केतकीचं थांबणं गाजलं. गाणं ऐन भरात आलं की ती तारांवर हात ठेवते आणि... लोक त्यासाठी येतात.

"ताकाक जावन भांडा कित्याक लपवतंस?" बुवा म्हणाले. "काय झाला ता सांग."

केतकीने एकदा आतल्या दाराकडे पाहिलं आणि सांगून टाकलं.

"ती जागा मेली, बुवा. मी थांबते, आणि आत काहीच नसतं. म्हणून मग चारपर्यंत मोजते आणि पुढे गाते. लोक टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्यांची लाज वाटते."

"हं."

"शनिवारी मोठ्या हॉलात कार्यक्रम आहे. तिथेच रेकॉर्डिंग. ती जागा गाळून टाकावी म्हटलं, तर गाण्यात उरतं काय? आणि ठेवली, तर मी जन्मभर चार आकडे मोजणारी बाई होणार. त्यापेक्षा गाणंच सोडते."

बुवांनी सोललेली सुपारी टोपलीत टाकली आणि दुसरी घेतली.

"अजून एक आहे," केतकी म्हणाली. आवाज खाली गेला. "मुलाखतीत विचारलं होतं, तुमच्या गाण्यावर कुणाकुणाची छाप आहे. मी सांगितलं, आफ्रिकेतला एक गिटारवाला, आयर्लंडची एक गायिका, गावची भजनं. मग त्यांनी विचारलं, आणि ती थांबायची जागा? मी म्हटलं... ती माझी."

खर्र... खर्र...

"तुमचं नाव घेतलं नाही, बुवा."

"बरा केलंस," बुवा म्हणाले. "माझी पण नाय ती."

केतकीने चमकून वर पाहिलं. बुवा सुपारीतच होते.

"खंय खंय गातंस?" त्यांनी विचारलं.

"आधी नारायण पेठेत गायचे, एका कॉफीच्या दुकानात. गल्लीच्या टोकाला आहे. सगळ्यात लाडकी जागा ती. माणसं जेमतेम वीस-पंचवीस, गुडघ्याला गुडघा लावून बसायची. फक्त ते कॉफीचं मशीन भारी फुसफुसायचं. नंदाताई म्हणून एक बाई होती त्याच्यावर. पण मी थांबले की नशिबाने नेमकं तेव्हाच ते बंद असायचं."

"नशिबान," बुवा म्हणाले.

"हो ना. मग मुंबईत मैत्रिणीच्या गच्चीवर गायले. तिथे कबुतरं. मग गोव्यात समुद्राकाठी. तिथे समुद्र गप बसत नाही आणि दारुडेही. आता कुठे धड हॉल मिळायला लागलेत. भिंतींना गाद्या लावलेल्या. दार लावलं की टाचणी पडली तरी ऐकू येते."

"पडता?"

"काय?"

"टाचणी."

"नाही... म्हणजे, तसं म्हणतात."

"मगे आयकतंस काय?"

एवढ्या लांबून आपण आलो कशाला, असं केतकीच्या मनात आलं. म्हातारा आता नुसता शब्दांना शब्द लावतोय, असंही आलं, आणि त्याचं तिला वाईट वाटलं.

"गा," बुवा म्हणाले.

तिने गिटार काढली. गाणं खाडीवरच्या होडीचं होतं. खाडीवर पूल झाला, होडी काठाला लागून राहिली. होडीवाला रोज येऊन बसतो, पलीकडून कुणी हाक मारील म्हणून.

*पूल झाला गावाला, होडीला कोण हाक मारी...*

तिने तारांवर हात ठेवला.

एक. दोन. खर्र. तीन. खर्र...

केतकीच्या कपाळावर आठी पडली. चौथा आकडा राहूनच गेला.

"बुवा, काकींना जरा थांबायला सांगता का?"

बुवांच्या हातातली सुपारी पहिल्यांदाच थांबली. ते केतकीकडे बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या.

"जल्मभर मी दुसरा काय केलंय गो?"

...

ते शब्द आत उतरायला केतकीला वेळ लागला.

बुवांनी आवाज अगदी हळू केला. घरात एवढी वर्षं लपवलेली गोष्ट आता आडाळ्यापर्यंत जायला नको होती.

"तालीम हयसरच, ह्या पडवीत चलायची. मंडळ वाहवा करी. मंडळाक काय, चाय मिळता म्हणान वाहवा करतत. माका हिचा मत व्हया होता. पण ही कदी तोंडान सांगायची नाय. मगे मी गाता गाता थांबायचंय. आडाळो वाजत आसलो तर समजायचा, गाणा अजून झाला नाय."

"आणि नाही वाजला तर?"

बुवा चक्क लाजले. सत्तरी ओलांडलेला, भल्याभल्यांना मांडवात गार करणारा माणूस, सुपारीची साल उगाच चिमटीत चुरगाळत बसला.

"त्या दिवशी माका जेवण ग्वाड लागायचा."

"पण मांडवात? तिथे काकी कुठे असायच्या?"

"मांडवात लोक शेंगो खातत. थंय शेंगांचो आवाज."

खर्र... खर्र...

केतकीला कॉफीचं मशीन आठवलं. मशीनमागची नंदाताई आठवली, हातात दुधाचं भांडं धरून उभी. नशीब नव्हतं ते. इतके महिने ती बाई मशीनवरचा स्वतःचा हात रोखून धरत होती, आणि केतकीने तिला एकदाही विचारलं नव्हतं, गाणं कसं वाटलं. विचारायचं सोडून ती गाद्या लावलेल्या भिंतींकडे निघून गेली होती.

तिने पुन्हा गायला घेतलं.

या वेळी तिने गिटार हळू वाजवली. पडवीपुरता आवाज लावला, आतल्या दाराकडे तोंड करून.

*पूल झाला गावाला, होडीला कोण हाक मारी...*

थांबली. मोजलं नाही.

खर्र...

मघासारखी आठी पडली नाही. गाणं झालं नाही अजून, एवढंच. भजनात उचलतात तशी तिने तीच ओळ पुन्हा उचलली. थोडी आणखी खाली, थोडी आणखी सावकाश. लहानपणी ह्याच पडवीत तिचा सूर चुकायचा तेव्हा काकी आतून काही न बोलता बाहेर यायच्या आणि हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून जायच्या. ते तिला आत्ता आठवलं, आणि ते ओळीत गेलं.

*होडीला कोण हाक मारी...*

थांबली.

खर्...

...

...

आतून काही आलं नाही. केतकी ऐकत राहिली. ती जागा रिकामी नव्हती. तिच्यात एक बाई हातात नारळाची वाटी धरून बसली होती, तिचा हात अर्ध्यावर राहिला होता, आणि केतकीला तो भिंतीपलीकडून दिसत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुढची ओळ गायची असते, हेच ती विसरून गेली.

बुवा मान खाली घालून बसले होते. तेही ऐकत होते.

शेवटी काकींचाच आवाज आला.

"मगे? होडयेक कोणी हाक मारल्यान काय नाय गो?"

केतकी रडता रडता हसली. मग तिने गाणं पुरं केलं. शेवटचा सूर विरल्यावर थोड्या वेळाने आडाळो पुन्हा वाजायला लागला, जरा घाईने, कारण जेवायची वेळ टळत चालली होती.

केतकीने डोळे पुसले. गिटार पिशवीत घालता घालता तिचा हात थांबला.

"पण बुवा, शनवारी हॉलात सगळे गप बसतले. थंय नारळ नाय, शेंगो नाय. थंय मी काय आयकतलंय?"

इतक्या वर्षांत हरवलेली बोली आपल्या तोंडात कधी परत आली, हे तिला कळलंही नाही. बुवांना कळलं.

ते भिंतीला हात लावून उठले. पडवीच्या कोपऱ्यात सोललेल्या नारळांचा ढीग होता. त्यातला एक त्यांनी निवडला, केतकीजवळ येऊन तिच्या कानाशी धरला आणि हलवला.

आत पाणी डुचमळलं.

बुवांनी तो नारळ तिच्या ओंजळीत ठेवला.

"ह्यो पण मगासून गपच बसललो गो."