विरजणाची वाटी

“...मग माझ्या मेहनतीचं काय, महाराज?”

मठाचे महंत केशवपुरी दुधाच्या भांड्यापाशी बसले होते. दूध कोमट झालंय का, ते बोट बुडवून पाहत होते.

विचारणारा विश्राम हुपरीकर हा त्यांचा जुना शिष्य. आता मोठा संशोधक झालेला, आणि ते घटकाभरही न विसरणारा.

मातीत त्याला एक जिवाणू सापडला होता. त्याच्यापासून होणारं औषध तान्ह्या बाळांचा जीव घेणाऱ्या तापावर चालेल, अशी चिन्हं होती. एक कंपनी पैसा ओतायला तयार होती. अट एकच, जिवाणू दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. आणि नागपूरच्या एका संशोधक बाईंनी नेमका तोच मागितला होता. मिळून काम केलं तर औषध लवकर हाती येईल, असं त्यांचं म्हणणं. ते खरं होतं, हीच तर विश्रामची पंचाईत होती.

“दिला तर कंपनी जाईल. मग औषध बनवायचं कशाच्या जोरावर? आणि नाही दिला तर...”

 इस्पितळाच्या वॉर्डात पाहिलेली, त्या तापाने फणफणलेली बाळं त्याच्या डोळ्यांपुढे आली आणि त्याचा जीव कळवळला.

दुपार पेंगुळली होती. नदीवरचा उजेड मठाच्या आढ्यावर हलत होता. आपण पाण्याखालीच बसलो आहोत, असं विश्रामला वाटत राहिलं.

दारात पलीकडच्या आळीतली गिरिजाबाई येऊन उभी राहिली. हातात रिकामी वाटी. महाराजांनी काही न विचारता गाडग्यातलं चमचाभर दही तिच्या वाटीत घातलं. ती गेली.

“विरजण,” महाराज म्हणाले. “तिचं नासलं.”

विश्रामने तिला ओळखलं होतं. सकाळी बाजारात मठाच्या दह्याशेजारी तीही दही विकायला बसली होती.

“ती तुमचं गिऱ्हाईक पळवते, महाराज.”

“पळवते खरी. हाताला चव आहे तिच्या.”

“मग दहीसुद्धा फुकट वाटा की.”

“छे. दह्याचे पैसे रोख घेतो मी. मठ कशावर चालायचा?”

“आणि विरजणाचे?”

महाराजांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की विश्रामला आपलं विचारणं वेडगळ वाटलं. तरी त्याने हट्टाने विचारलं, विरजण निदान मठाचं स्वतःचं तरी आहे ना?

“होळीच्या सुमारास आमचं नासलं होतं. हे तिच्याच घरून आणलेलं.”

“आणि तिच्याकडे कुठून आलं?”

“इथूनच गेलं असेल पूर्वी कधी... कुणास ठाऊक.”

महाराजांनी दुधात विरजण घातलं, भांड्यावर झाकण ठेवलं आणि ते अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवलं. 

“माझा जिवाणू कुलपात आहे,” विश्राम अखेर म्हणाला. “जगात दुसरीकडे कुठेच नाही.” सवयीने त्याची मान ताठ झाली होती, पण आवाज मात्र खाली गेला.

महाराज हलकेच हसले.

“आणि नासला तर... मागायला कुणाकडे जाशील?”