हलिमाचा राग आणि आपट्यातली परी

झेंडूवाडीच्या शिवेजवळ, गळक्या पत्र्याच्या इवल्याशा घरात नऊ वर्षांची हलिमा आणि तिचे नाना राहायचे. घरात कधी भाकरी असायची, तर कधी नुसतीच चटणी. पण नानांकडे एक सनई होती, काळीभोर, पितळी तोंडाची. दर दसऱ्याला देवीची पालखी शीव ओलांडायला निघाली, की सगळ्यांच्या पुढे नाना सनई वाजवत चालायचे आणि त्यांचं बोट धरून हलिमा!

यंदा दसऱ्याच्या सकाळी गावचे नवे कारभारी रंगराव दारात आले. मिशीला पीळ देत म्हणाले, "इब्राहिमचाचा, यंदा तुम्ही येऊ नका. आमच्या सणाला आमचीच माणसं वाजवतील."

 नानांनी सनई फडक्यात गुंडाळली आणि ते कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले. रंगरावांच्या मागे निम्मं गाव उभं होतं. नानांची सनई ऐकत मोठी झालेली माणसं! पण सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. एकानंही म्हणू नये, "अहो, असं कसं?"

हलिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती धावत घरामागच्या टेकडीवर आपट्याच्या झाडाखाली गेली. बघते तर काय! सोनं लुटायला आलेल्या लोकांनी फांद्याच्या फांद्या मोडून टाकलेल्या. स्वतःचा राग गिळून ती म्हणाली, "अगं बाई, तुलाही छळलं का?" तिनं आपली ओढणी फाडून लोंबणाऱ्या फांद्या एकेक करून बांधल्या.

तोच पानापानांत पोपटी चकाकी उठली. बोटाएवढी चिमुकली परी बाहेर आली. हिरवा झगा, सोनेरी पंख, आणि नाकाचा शेंडा रागानं लालेलाल!

"ओरबाडतात मेले!" परी फणकारली. "सकाळपासून तू एकटीच प्रेमानं वागलीस. माग, दोन इच्छा माग. पण नियम ऐक. कुणाचं मन मला फिरवता येत नाही, ते ज्याचं त्यानंच फिरवायचं. आणि मागशील ते साऱ्या गावाला लागू होईल, तुझ्या घरालासुद्धा."

शेवटचं वाक्य हलिमानं ऐकलं कुठे? ती ओरडली, "माझ्या नानांची सनई नको ना? मग गावात कुठलंच वाद्य वाजू नये!"

"नीट विचार केलास, बाळ?"

"केला!" हलिमा म्हणाली. कसला विचार नि कसलं काय!

दुपार कलली. झेंडूच्या केशरी माळांनी सजलेली पालखी शिवेजवळ आली. ढोलावर टिपरू पडलं, पण आवाजच नाही! ताशा मुका, झांजा मुक्या. "अरे, जोरात वाजवा!" रंगराव गरजले. ढोलवाले घामाघूम झाले. दारात उभी राहून हलिमा खुदकन हसली. बरं झालं! अस्संच पाहिजे!

तेवढ्यात तिनं मागे वळून पाहिलं. नानांनी सनई बाहेर काढून ओठांना लावली होती. ते गाल फुगवून फुंकत होते, पुन्हा पुन्हा फुंकत होते.

"वाजत नाही गं, पोरी," ते म्हणाले. त्यांच्या पांढऱ्या दाढीवर आसवं टपटपली. "माझा दमच संपला बघ. त्या लोकांचं बरोबरच होतं."

"नाही, नाना, नाही! ते चूकच आहेत!" हलिमा किंचाळली आणि धूम पळत आपट्याखाली गेली. "परी, सगळे आवाज परत दे!"

"रंगरावांचे ढोलसुद्धा?"

हलिमानं दात-ओठ खाल्ले. "सुद्धा!"

"ही शेवटची इच्छा. मग नानांना पालखीपुढे न्यायला तुझ्याजवळ इच्छा उरणार नाही."

"नाही उरली तर नाही उरली. नाना रडतायत!"

लखलख झालं. खाली घरात सनईनं सूर धरला, आणि शिवेवर ढोल धडाडले. "चला रे, चला!" रंगराव म्हणाले. पण आरतीचं ताट धरलेल्या तानूआजीनं तो सूर ऐकला आणि तिनं तिथेच धुळीत बसकण मारली.

"ती सनई पुढे नसेल, तर मी नाही उठायची," ती म्हणाली. "उचला मला पालखीसकट!"

तिच्याशेजारी दुसरी बाई बसली, मग तिसरी, मग चौथी. पालखीचे भोईही थांबले. मग सनईला बोलवायला तानूआजी स्वतःच उठली आणि तडक हलिमाच्या दारात आली. तिच्यामागे सारं गाव.

टेकडीवरून धापा टाकत आलेली हलिमा दार अडवून उभी राहिली. "आत्ता कशाला आलात? सकाळी कुठे गेला होता तुमचा आवाज?"

तानूआजीनं मान खाली घातली. "चुकलो, बाय. सकाळीच बोलायला हवं होतं. रागव, हवं तेवढं रागव."

गर्दीतून रंगराव पुढे आले. त्यांची मिशी उतरली होती. त्यांनी आपट्याचं पान पुढे केलं. "घे हलिमा, सोनं घे."

"आधी नानांना!"

रंगराव उंबऱ्याशी वाकले. "चाचा, सोनं घ्या. माझी जीभ झडो! ही पालखी तुमचीही आहे. चला."

नाना उठले, सनई घेऊन सगळ्यांच्या पुढे झाले. त्यांनी असा सूर लावला, की टेकडीवरचा आपटा मुळापासून शेंड्यापर्यंत सोनेरी झाला. मोडलेल्या फांद्यांना पोपटी पालवी फुटली. हलिमाच्या घरावर त्या उजेडाचा शिडकावा झाला, तसा गळका पत्रा जाऊन लालचुटूक कौलं आली. उजेडातून चिमुकल्या हातानं टाटा केलं, आणि परी उजेडातच विरून गेली.

शीव ओलांडताना रंगरावांनी हळूच विचारलं, "अजून रागावली आहेस का गं?"

"हो," नानांचं बोट घट्ट धरून हलिमा म्हणाली. "उद्यापर्यंत राहणार आहे."

आणि ती खरोखरच राहिली, बरं का! तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र हसली.