करड्या नावाची पिशवी

दुपारचे दोन वाजून सात मिनिटं झाली होती, तेव्हा हर्षलाने विचारलं,

“मग बाबा, सोडूनच देऊ का शिवणकाम?”

तिच्या एका हातात झोळीची दोरी होती. झोळीत आठ महिन्यांची गार्गी नुकतीच निजली होती. दुसऱ्या हातात मोबाइल.

हे शिवणकाम मशीनवरचं नव्हे, गेममधलं. त्या गेममध्ये हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच मुलखात फिरतात. कुणी राक्षस मारतं, कुणी लोहारकी शिकतं, कुणी शिंपीकाम. हर्षला तिथे रेशीमराणी होती, आणि शिंपीकामाच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसली होती. बाळंतपणानंतर तिच्या हातून पुरं झालेलं हे एकच काम. बाकी सगळं अर्धं राहायचं, चहासुद्धा.

पण तिचे सोनेरी झगे बाजारात नुसते लटकत होते. कुणी हात लावीना.

पडद्यावर एक बटण होतं, ‘कसब सोडा’. ते दाबलं की शिकलेलं सगळं पुसून जातं, आणि मग लोहारकी घेता येते. तिचा अंगठा त्या बटणाजवळच होता.

समोर ठिगळबाबा. गेममधल्या पहिल्या गावाच्या वेशीपाशी बसलेले, पांढरी दाढी, ठिगळांची कफनी. मोबाइलमधून आवाज मात्र म्हाताऱ्या बाईचा यायचा, आणि मागे कुकरच्या शिट्ट्या. तरी सगळे त्यांना बाबाच म्हणायचे, आणि त्यांनाही ते चालायचं.

“कुठवर चढलीस?” बाबांनी विचारलं.

“शेवटच्या पायरीवर. माझ्या वर आता कुणी नाही.”

“मग गिऱ्हाईक कुठून येणार? ते खाली राहतं.”

हर्षलाला राग आला. पण गार्गी हलली, म्हणून तिने तो गिळला.

“बाबा, माझा झगा बघा तरी. नागाच्या कोशाचं सूत आहे त्यात.”

“बघितला. छान आहे.”

“मग?”

बाबा पिशवी शिवत होते. साधी, कापसाच्या सुताची, दोन बंदांची.

“तुम्हीसुद्धा शेवटच्या पायरीवरचे. आणि पिशव्या शिवता?”

“तू नाही शिवत?”

“ती तर पहिल्या दिवसाची शिकवणी. आता तिचं नाव मला करड्या रंगात दिसतं.”

त्या गेममध्ये तसंच असतं. जे शिवून अजून शिकायला मिळतं, त्याचं नाव रंगीत दिसतं. शिकणं संपलं, की नाव करडं. हर्षलाने करड्या नावाला कधी बोट लावलं नव्हतं. वर चढणारे कुणीच लावत नाहीत.

“करडं म्हणजे काय गं?”

“म्हणजे त्यात मला काही मिळणार नाही.”

“हं…”

तेवढ्यात वेशीतून एक नवखा आला. अंगावर नीट कपडे नाहीत, हातात काठी. वाटेत दिसेल ते उचलत आला होता, आणि आता हात भरले होते. तो वाकायचा, उचलायचा, आणि त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटायची, ‘जागा नाही’. परत वाकायचा. परत ‘जागा नाही’.

बाबांनी हातातली पिशवी त्याला दिली.

नवख्याने गोळा केलेला सगळा कापूस बाबांच्या पुढ्यात ओतला. वर तीनदा वाकून नमस्कार केला आणि पळाला.

हर्षला त्या ढिगाकडे बघत राहिली.

“हाच कापूस मी बाजारातून महाग घेते,” ती म्हणाली.

“माहीत आहे. मीच विकते तो.”

मागे कुकर वाजला. बाबा थोडं हसल्यासारखे वाटले.

“राहू दे ते. तुझी पिशवी दाखव.”

“झगे आहेत त्यात. किमती सामान…”

“आतलं नको. पिशवी दाखव.”

पिशवी तिने कधी बघितलीच नव्हती. रोज उघडायची, हात घालायची, मिटायची. आज तिने तिच्यावर बोट दाबून धरलं. तिथे शिवलेल्या प्रत्येक वस्तूवर शिवणाऱ्याचं नाव येतं.

नाव आलं. ठिगळबाबा.

तेव्हा तिला तो पहिला दिवस आठवला. माहेरून सासरी आल्याला थोडेच दिवस झाले होते. गार्गी दूध ओकत होती, आणि आपल्या हातून पोर नीट वाढेल की नाही या काळजीने हर्षलाचा जीव अर्धा झाला होता. जरा मन रमावं म्हणून तिने गेम उघडला, तर तिथेही डोक्यावर तेच, ‘जागा नाही’. कुणीतरी हातात पिशवी दिली होती. कोण, ते बघायच्या आत गार्गी रडली आणि तिने मोबाइल टाकला होता.

“दे ती परत,” बाबा म्हणाले.

“काय?”

“करडीच आहे. तुला तिच्यात काही मिळणार नाही. दे.”

हर्षलाने द्यायला म्हणून बोट सरकवलं. पडद्यावर अक्षरं आली, ‘आधी पिशवी रिकामी करा’.

तिने एक झगा बाहेर काढून बघितला. ठेवायला कुठे जागाच नव्हती. तिने तो परत आत ठेवला.



झोळी थांबली होती. तिने दोरीला हलका झोका दिला. मग अंगठा त्या बटणाजवळून उचलला.

“बाबा… तेव्हा आभार मानायचे राहून गेले हो.”

“पोर रडत होतं ना.”

“तुम्हाला ऐकू आलं होतं?”

“आता बरी आहे का ती?”

“बरी आहे. बसायला लागली.” हर्षलाने झोळीत डोकावून बघितलं. “मी तुमचं हे कसं…”

बाबांनी कापसाचा ढीग अर्धा केला आणि तिच्याकडे सारला.

हर्षलाने यादीत खाली, अगदी खाली जाऊन, करड्या नावावर बोट ठेवलं. सुई चालू झाली.

वेशीत कुणीतरी नवीन आलं होतं. एक बाई. हात भरलेले. वाकत होती, उचलत होती.

“तिला काय सांगू, बाबा?”

“सांग, जागा आहे. आणि तिला म्हणावं, मागून येणाऱ्यालाही सांग.”